'स्वयंनिर्णय' कोणाचा?

अक्कलकोट तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: सीमेलगतच्या गावांनी कर्नाटकात जायचं म्हटलं, तर त्याला 'स्वयंनिर्णयाचा हक्क' म्हणावं का? आणि त्याला विरोध करताना 'प्रादेशिक अखंडता' हा शब्द वापरावा का?

दोन्ही शब्द इथे वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या दोन्ही मानवी हक्क करारांचं पहिलंच कलम स्वयंनिर्णयाचं, म्हणजे आपलं राजकीय भवितव्य आपण ठरवण्याच्या हक्काचं. पण तो हक्क 'पीपल्स'ना दिलाय. मराठीत 'सर्व लोकांना' लिहिलं की वाचणारा 'ज्याला त्याला' असं समजतो, आणि तिथेच घोळ होतो. 'लोकसमूह' म्हणावं. त्याची व्याख्या मात्र करारात कुठेच नाही. नुसती भाषा बघायची म्हटलं तर आपल्या सोलापुरात पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाजारात मराठी. एकेका गल्लीत तीन-तीन लोकसमूह निघायचे! भारताने १९७९ साली हे करार स्वीकारतानाच सांगून ठेवलं, की हा हक्क परक्या सत्तेखालच्या लोकसमूहांपुरता आहे, सार्वभौम देशातल्या एखाद्या गटाला तो लागू नाही. काही देशांनी त्याला हरकत घेतली, तरी भारताची भूमिका तीच आहे. सोलापूरच्या १९३० च्या लढ्याला, मार्शल लॉला तोंड देणाऱ्यांना आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांना हा शब्द शोभतो. तिथे तो जरूर वापरा.

देशात राहूनच आपली भाषा, शाळा, राजकीय वाटा मिळवणं याला 'अंतर्गत स्वयंनिर्णय' म्हणतात. क्वेबेक या कॅनडाच्या फ्रेंचभाषक प्रांताला देशापासून वेगळं होता येईल का, या प्रकरणात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हाच नेहमीचा मार्ग मानला. सीमाभागातल्या भाषिक हक्कांबद्दल लिहिताना ही संज्ञा उपयोगी पडेल.

आता 'प्रादेशिक अखंडता'. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ती देशांनी एकमेकांच्या बाबतीत पाळायची आहे. सर्बियापासून वेगळं झाल्याचं जाहीर करणाऱ्या कोसोवोवरच्या २०१० च्या सल्लामतात आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हे तत्त्व देशादेशांतल्या संबंधांपुरतं असल्याचं म्हटलं. गाव महाराष्ट्रातून कर्नाटकात गेलं तर भारताची तसूभर जमीन कमी होत नाही. शिवाय 'प्रादेशिक पक्ष' ऐकून ऐकून 'प्रादेशिक' म्हणजे राज्यापुरतं, असं कानाला वाटतं. म्हणून मी 'भूभागाची अखंडता' लिहितो.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अक्कलकोट कर्नाटकाला देण्याची शिफारस केली, तीही राज्यांच्या हद्दीची होती. हद्द बदलायचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेला आहे. तेव्हा तुमच्या वाक्यात सरळ 'राज्य बदलून देण्याची मागणी' लिहा.