18 जीबीचा बॅकअप ब्लू-रेवर का जात नाही?

प्रश्न: लिनक्सवर घरच्या फोटोंचा बॅकअप घेतलाय, टार करून (सगळे एकत्र बांधून) जीझिप मारलं (कॉम्प्रेस केलं) तर एकच फाइल झाली 18 जीबीची. डिस्क ब्लू-रे, 25 जीबीची, तरी टर्मिनलवर जेनआयएसओइमेज (डिस्कवर टाकायची इमेज बनवणारा प्रोग्राम) चालवलं की फाइल 4 जीबीपेक्षा मोठी म्हणून बंद पडतं. जागा असून असं का? फाइल तोडावीच लागेल का?

उत्तर: जागेचा प्रश्नच नाहीये. आयएसओ 9660 मध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या ठरलेल्या पद्धतीत, फाइलची साइज 32 बिटांत लिहितात, म्हणून एका सलग तुकड्यात 4 जीबीच्या वर जाता येत नाही. याच पद्धतीच्या लेव्हल 3 मध्ये एकच फाइल अनेक तुकड्यांत नोंदवायची सोय आहे, पण ती जेनआयएसओइमेजला जमत नाही, एक्सॉरिसो या तशाच दुसऱ्या प्रोग्रामला जमते आणि त्यासाठी वेगळा ऑप्शनही द्यावा लागत नाही. म्हणजे तोडायची गरज नाही.

पण माझं ऐकाल तर ती फाइल डिस्कवर टाकूच नका. जीझिपमध्ये मधलाच एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचता आला नाही की त्याच्या पुढचं सगळं गेल्यात जमा, आणि जेपेग फोटो आधीच कॉम्प्रेस झालेले असतात त्यामुळे जीझिप करून जागा काही वाचत नाही. फोटोंचा फोल्डर तसाच बर्न करा, पुढेमागे ओरखडा पडला तरी बहुतेक वेळा दोन-चार फोटोंवर भागेल.

बर्न करायच्या आधी शा256समने (फाइल बदलली का ते ओळखायला तिचा चेकसम काढणारी कमांड) सगळ्या फाइलींच्या चेकसमची यादी करून ती त्याच फोल्डरात ठेवा, मग बर्न करायला ‘ग्रोआयएसओएफएस -झेड /डेव्ह/एसआर0 -आर फोटो’ ही कमांड चालवा, यात झेड आणि आर दोन्ही कॅपिटल, /डेव्ह/एसआर0 म्हणजे तुमचा ड्राइव्ह आणि फोटो म्हणजे तो फोल्डर. कोऱ्या बीडी-आरवर (एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रेवर) ग्रोआयएसओएफएस स्वतःहून थोडी जागा राखीव ठेवतं आणि लिहिता लिहिता तपासतं, म्हणून वेळ जवळपास दुप्पट लागतो, अडकलं समजून मधेच बंद करू नका. शेवटी कधीकधी ‘क्लोज सेशन फेल्ड’ अशी एरर येते, तेवढ्यावरून डिस्क फेकू नका. ट्रे बाहेर काढून परत आत घाला, नाहीतर वाचन मेमरीतल्या कॅशमधूनच व्हायचं, डिस्क माउंट करा आणि डिस्कवरच्या फोल्डरात जाऊन त्या यादीवर ‘शा256सम -सी’ चालवा, सगळ्या ओळींपुढे ओके आलं तर डिस्क चांगली आहे. हार्ड डिस्कवरचे फोटो मात्र लगेच डिलीट करू नका, आधी दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर आणखी एक कॉपी काढा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा.