सहावा महिना आणि झडतीची ड्युटी

प्रश्न (जुलै २०२१): ताई, मी कारागृहात महिला शिपाई आहे, सहावा महिना संपत आलाय. फेब्रुवारीत आमच्या सगळ्या स्टाफला कोविडची लस दिली तेव्हा दिवस गेल्याची शंका होती म्हणून मी राहिले. आता ड्युटी गेटवर, नवीन आलेल्या बायकांची झडती घ्यायची. साहेब म्हणतात महिला स्टाफ कमी आहे, मास्क लावून करा. सासूबाई म्हणतात नोकरीच सोड. काय करू?

उत्तर: नोकरी अजिबात सोडू नका. आधी लस. २ जुलैला केंद्राने गरोदर बायकांना लस द्यायला परवानगी दिलीय, कुठल्याही महिन्यात घेता येते, म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांशी बोलून पहिला डोस घ्या. घाई एवढ्यासाठी की २८ आठवड्यांच्या पुढे कोविड झाला तर आईची तब्येत जास्त बिघडू शकते, बाळ वेळेआधी होऊ शकतं, आणि तुम्ही तिथे पोचतच आलात.

आता झडती. अंबाडा सोडायला लावायचा, निऱ्या चाचपायच्या, शिवणी बघायच्या, मग मास्क खाली घे, आ कर, जीभ उचल, आणि हे सगळं हातभर अंतरावरून, बंद खोलीत! ती बाई कालपर्यंत कुठल्या लॉकअपमध्ये कुणाबरोबर होती तुम्हाला माहीत नसतं. झटापट झाली तर पोटावर लागायची भीती वेगळीच. कारागृहात हा आजार किती झपाट्याने पसरतो ते आर्थर रोडला मे २०२० मध्ये दिसलंच, काही दिवसांत १५० च्या वर बंदी (कैदी) पॉझिटिव्ह आले, कर्मचारीही सुटले नाहीत. तेव्हा नुसत्या मास्कवर भागणार नाही, काम बदलूनच घ्या.

पण तोंडी सांगून होणार नाही. अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहा, कितवा आठवडा आणि बंद्यांशी थेट संपर्काचं काम व रात्रपाळी नको असं लिहिलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, स्वतःच्या प्रतीवर आवकचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का घ्या. काय नको एवढंच लिहू नका, काय करेन तेही लिहा, म्हणजे रजिस्टर, कंट्रोल रूम, बंद्यांच्या व्हिडिओ कॉल मुलाखतींची नोंद, आणि तुमच्या जागी गेटवर कोण येऊ शकेल ते तिच्याशी आधी बोलून ठेवा, कारण स्टाफ कमी आहे हे साहेबांचं म्हणणं खोटं नाही. केंद्राने मे २०२० मध्ये आपल्या गरोदर कर्मचाऱ्यांना ऑफिसला येण्यातून सूट दिली होती, तुम्ही राज्याच्या म्हणून ती आपोआप लागू होत नाही, पण अर्जात दाखला जरूर द्या. आणि हलकं काम म्हणजे रजा नव्हे, तुमच्या १८० दिवसांच्या प्रसूती रजेतला एकही दिवस त्यात जाऊ देऊ नका.

ताप, दम लागणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर ड्युटी संपायची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.