डॉक्टर हू (बीबीसीची जुनी सायन्स फिक्शन सिरीयल) १६ वर्षांनी परत आली तरी एवढी कशी चालली?

माझ्या मते क्रेडिट ती परत आणणाऱ्या लेखक-निर्माता रसेल टी डेव्हिसचंच. १९८९ ला बंद पडलेली सिरीयल (मधे ९६ चा एक टीव्ही पिक्चर सोडला तर टीव्हीवर नवीन फारसं काहीच नाही) २००५ मध्ये आणताना त्याने जुनं पुराण सांगत बसायचं टाळलं, डॉक्टरचा (म्हणजे परग्रहावरून आलेल्या हिरोचा) ग्रहच युद्धात संपवून टाकला आणि गोष्ट सुरू केली रोझपासून, लंडनच्या दुकानात काम करणारी साधी पोरगी, घरी आई, एक बॉयफ्रेंड, त्यामुळे नवीन माणसाला आधीचं काही माहीत असायची गरजच नाही. शिवाय आधीच्या २५-२५ मिनिटांच्या लांबत जाणाऱ्या भागांऐवजी बहुतेक गोष्टी ४५ मिनिटांत खल्लास, आणि शनिवार संध्याकाळचा टाइम, म्हणजे पोरं-आईबाप सगळे एकत्र. डॉक्टर झालेला ख्रिस्तोफर एकल्स्टन एकच सीझन टिकला, पण काय काम केलंय राव! इफेक्ट्स मात्र कधीकधी हसू येण्यासारखे.