हजार-दीड हजार लोकांना विचारून सगळ्या राज्याचा कल कसा काय कळतो? सॅम्पल नेमकं किती मोठं हवं?

हजार पुरतात, नीट निवडले असतील तर. तीन टक्के इकडे-तिकडे धरा, तेही असे शंभर सर्व्हे केले तर त्यातल्या पंच्याण्णव वेळा. ही चूक अर्ध्यावर आणायची तर माणसं चौपट लागतात: 400 ला साधारण 5 टक्के, 1600 ला अडीच. नागपूर असो की अख्खा महाराष्ट्र, हिशेब जवळपास तोच. हे कुठेही सापडेल. मी लिहायला बसलो ते तुमच्या ‘किती मोठं’मुळे. त्यावरूनच माझं एका सुपरवायझरशी वाजलं होतं.

कॉलेजात असताना उन्हाळ्यात एका एजन्सीचे फॉर्म भरायचं काम घेतलं. विषय: घरी कूलर की एसी, यंदा नवीन काय घेणार. नियम चांगला होता. ठरलेल्या गल्लीत उजव्या हाताने निघायचं, दर पाचवं घर घ्यायचं, कुलूप असलं तर संध्याकाळी परत यायचं. नागपूरचा मे महिना, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. नंदनवन भागात दुपारी दार उघडायचे ते आजी-आजोबा, खसच्या कूलरसमोरून उठून आलेले. ‘आधी पाणी पी,’ म्हणायचे. नोकरीवाल्यांची घरं बंद. धरमपेठेतल्या फ्लॅटांना वॉचमन गेटवरूनच वाटेला लावायचा, अन् एसी तर तिथेच होते!

बंद दारांची यादी मी फॉर्मच्या मागे लिहून ठेवायचो. सुपरवायझरने ती बघितली. ‘काहून जीव काढतो बे? शेजारचं उघडं दार घे. चारशेचे आठशे करू, चूक आपोआप कमी होते.’

‘सर, घरी सापडतात त्यांचेच आठशे होतील.’

‘कंपनी आकडा पाहते. दार पाहते का?’

झाले आठशे. रिपोर्टात एसीवाले जेमतेम, अन् खाली ठळक अक्षरात: सॅम्पल 800, चूक 3.5 टक्के. हे साडेतीन टक्के फक्त योगायोगाच्या चुकीचे असतात. वॉचमनने हाकललेला माणूस त्यात कुठेच नसतो. सावजी रस्सा न ढवळता वरची तर्रीच दहा चमचे चाखली, तर खालचं मटण शिजलं की नाही हे कसं कळणार?

सरांना 1936 ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक सांगायची राहून गेली. लिटररी डायजेस्ट मासिकाने फोनच्या याद्या अन् मोटारमालकांच्या नोंदींवरून पत्ते काढून सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांवर परत आल्या. निष्कर्ष: लँडन जिंकणार. निवडून आले रूझवेल्ट, 61 टक्के मतांनी. जॉर्ज गॅलप या सर्व्हेवाल्याने त्याच्या कितीतरी कमी लोकांना विचारून बरोबर सांगितलं होतं. आपल्याकडे 2024 च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा देत होते, मिळाल्या 293. काहींचं सॅम्पल तर लाखांत होतं.

तेव्हा सर्व्हे दिसला की आधी विचारा: किती दारं बंद मिळाली, किती जणांनी नकार दिला, बंद दारांकडे परत कोण गेलं. उत्तर नसेल तर आकडा कितीही मोठा असो, मी तरी त्याला भाव देत नाही.

हो, सॅम्पलच्या आकाराला काहीच अर्थ नाही असं मात्र नका समजू. राज्याच्या हजारांत विदर्भाचे येतात दोनेकशे, म्हणजे चूक सातेक टक्के. त्यावरून ‘विदर्भात अमुक पक्ष चार टक्क्यांनी पुढे’ असं कोणी छापलं, तर सरळ पान उलटा. शिवाय मतांच्या टक्केवारीवरून जागा काढणं हा वेगळाच खेळ आहे.