क्वासीपार्टिकल खरे असतात का?

प्रश्न : अर्धसंवाहकात ‘होल’ नावाचे धनप्रभारित कण वीज वाहून नेतात आणि त्यांना क्वासीपार्टिकल म्हणतात, असे शिकवले जाते. अणूत तर असा कण कुठेच नसतो. मग होल खरा मानायचा, की ती केवळ गणिताची सोय आहे?

उत्तर : होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. चौकटीत पंधरा सोंगट्या आणि एक रिकामे घर असलेला सरकवण्याचा खेळ आठवा. सोंगटी उजवीकडे सरकली की रिकामे घर डावीकडे जाते, आणि पंधरा सोंगट्यांचा हिशेब ठेवण्यापेक्षा त्या एका घराचा माग काढणे सोपे पडते. गोष्ट एवढीच असती, तर तिला सोय म्हणता आले असते.

परंतु बोरॉन मिसळून होल निर्माण केलेल्या सिलिकॉनच्या पट्टीतून वीजप्रवाह सोडून तिला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये जो विद्युतदाब मिळतो, त्याचे चिन्ह इलेक्ट्रॉनांकडून अपेक्षित असलेल्या चिन्हाच्या उलट येते. (याला हॉल परिणाम म्हणतात, ते नाव 1879 मध्ये तो शोधणाऱ्या एडविन हॉल यांचे आहे, होलशी त्याचा संबंध नाही.) सोंगट्यांची उपमा इथे अपुरी पडते, कारण सरकणारे सारे ऋणप्रभारितच असतील तर चिन्ह का उलटावे, हे ती सांगू शकत नाही. खरे कारण स्फटिकात आहे. ऊर्जापट्ट्याच्या (स्फटिकातील इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांच्या सलग पल्ल्याच्या) वरच्या टोकाजवळचा इलेक्ट्रॉन अणूंच्या नियमित मांडणीमुळे बलाच्या उलट दिशेने त्वरण घेतो, आणि भरलेल्या पट्ट्यातून असा एक इलेक्ट्रॉन वजा झाला की उरलेल्या असंख्य इलेक्ट्रॉनांचे एकत्रित वर्तन एका धनप्रभारित कणासारखे होते.

असंख्य कणांची गुंतागुंतीची हालचाल अशी एकाच कणाच्या रूपात मांडता आली, की त्या कणाला क्वासीपार्टिकल म्हणतात. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव लांदाऊ यांनी 1956 मध्ये हाच विचार परस्परांशी जोरदार क्रिया करणाऱ्या, इलेक्ट्रॉनांसारख्या कणांना लागू केला. क्वासीपार्टिकलचा प्रभार आणि वस्तुमान मोजता येतात, आणि ते मूळ कणाइतकेच असतात असे नाही. गॅलियम आर्सेनाइडमधील इलेक्ट्रॉन मुक्त इलेक्ट्रॉनच्या सुमारे एक-पंधरांश वस्तुमानाचा असल्यासारखा वागतो. मला सर्वांत विलक्षण वाटते ते 1997 मधील मोजमाप, ज्यात अतिशय थंड आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील पातळ थरात इलेक्ट्रॉनच्या एक-तृतीयांश प्रभाराचे वाहक आढळले, तेही एकाही इलेक्ट्रॉनचे तुकडे न होता.

म्हणून माझ्या मते होल खराच मानावा. ‘क्वासी’ हा शब्द त्याच्या मर्यादा सांगतो: तो पदार्थाबाहेर काढता येत नाही, आणि इलेक्ट्रॉन त्या जागी येऊन बसला की संपतो.