बारा वर्षांची मुलगी दूध पीत नाही. दही, ताक आणि नाचणीवर भागेल का?

भागेल, परंतु प्रमाण पाहावे लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार या वयात रोज ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम दह्यातून दुधाइतकेच, म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम मिळते. शिवाय विरजणातील जिवाणूंनी दुग्धशर्करेचा काही भाग आधीच पचवलेला असल्यामुळे, दुधाने पोट फुगणाऱ्या मुलांनाही दही बहुधा सोसते. पाणी घातलेल्या ताकाचा हिशेब मात्र बराच कमी धरावा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण धान्यात मुळातच असणाऱ्या आणि कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या फायटेट या घटकामुळे ते सगळे शोषले जात नाही. दुधाची सक्ती करून जेवणाची भूक मारण्यात तर अर्थच नाही, कारण दुधात लोह नगण्य असते आणि पाळी सुरू होण्याच्या वयात त्याची गरज वाढते.