एक पावसाळा भाड्यानं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी मेल पोचली, सोबतचा तक्ताही उघडून बघितला. घर घ्यायला ह्यूस्टनची पाच उपनगरं, अकरा रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण. केटीला ७.८, शुगरलँडला ७.६, आणि या दोन दशांशांवरून तुम्हा नवरा-बायकोत आठवडाभर धुसफूस चाललीय असं तुझ्या आईकडून कळलं. शाळांचं रेटिंग आहे, देवळाचं अंतर आहे, कॉस्टकोचं अंतर आहे, बिल्डर फुकट देणाऱ्या फ्रिजलासुद्धा रकाना आहे. पाण्याला नाही. अरे, तुझी आई आणि मी सांगलीच्या गावभागात वाढलो. ऑगस्टात दारावरून जाणारा प्रत्येक माणूस आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे ते सांगत जायचा. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आज सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. तू पुण्यात चौथ्या मजल्यावर वाढलास म्हणून एवढं माफ.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना आशा लावून बसणार नाहीस. पाचांपैकी एकही नको. ह्यूस्टनला या, आणि एक पावसाळा भाड्यानं राहा. इथं वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, ३० नोव्हेंबरला संपतो. तू जूनमध्येच रुजू होतोयस, तेव्हा मुहूर्तही आयता आहे.

महिनाअखेर सही केली तर व्याजदरात सूट, असं बिल्डरची सेल्सबाई म्हणाली. पुढच्या महिन्यातही म्हणेल. या गावाचा जन्मच जाहिरातीतून झालाय. १८३६ साली ॲलन बंधूंनी बफेलो बायूच्या (बायू म्हणजे इथला संथ ओढा) काठची जमीन विकायला काढली तेव्हा वर्तमानपत्रात छापलं होतं की जागा छान उंचावर आहे, आरोग्याला उत्तम आहे आणि समुद्राचा ताजा वारा येतो. प्रत्यक्षात समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम पंधरा मीटर, जमीन परातीसारखी सपाट, खाली चिकणमाती. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, आणि उतार नाही म्हणून चटकन वाहूनही जात नाही. संथ बायू भरले की ते रस्त्यावर येतं. इथले रस्ते मुळातच पाणी साठवायला म्हणून खोल ठेवलेत, हे तुला पहिल्या मोठ्या सरीला कळेल. ते कळायला मॉर्गेज कशाला हवं?

तुझी पहिल्या नंबरची वसाहत मी नकाशावर शोधली. ती बार्कर धरणाच्या पश्चिमेला आहे. बार्कर आणि ॲडिक्स ही दोन धरणं १९२९ आणि १९३५च्या पुरांनंतर, डाउनटाउन वाचवायला, लष्कराच्या इंजिनिअरांनी १९४०च्या दशकात बांधली. एरवी कोरडी असतात. बार्करच्या पोटात आज जॉर्ज बुश पार्क आहे, पोरं तिथं फुटबॉल खेळतात. पण धरण भरलं की फुगवटा सरकारी हद्दीपाशी थांबत नाही, आणि हद्दीला लागून घरं बांधायला बिल्डरांना कुणी अडवलं नाही. अलमट्टीच्या फुगवट्यावरून सांगलीकर हमरीतुमरीवर येतात, ते तू आजोळी ऐकलंच असशील. इथं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. फोर्ट बेंड काउंटीत काही वसाहतींच्या मंजूर नकाशांवर एक ओळ मात्र होती, की ही जागा बार्कर जलाशयालगत असून लष्कराच्या नियंत्रणाखाली दीर्घकाळ पाण्याखाली राहू शकते. घर दाखवताना तो नकाशा कोण उलगडतो!

ऑगस्ट २०१७मध्ये हार्वे वादळ आलं. माझ्या एका मैत्रिणीचं घर ती ओळ असलेल्या एका नकाशातलंच होतं. पाणी उतरल्यावर आम्ही काहीजणी हातमोजे, मास्क घालून गेलो. शीटरॉक, म्हणजे भिंतींचे जिप्समचे तक्ते, जमिनीपासून चार फुटांवर आडवं कापायचं, मागचं ओलं इन्सुलेशन हातानं ओरबाडायचं, आणि सगळं कर्बवर नेऊन टाकायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, गालिचे माणसाच्या उंचीचे रचलेले, आणि त्याला सांडपाण्याचा वास. तिचा देव्हारा लाकडी, नाशिकहून आणलेला. फुगून त्याचं दार उघडेना, देव आत. शेवटी स्क्रूड्रायव्हरनं बिजागऱ्या काढल्या. देव निघाले, पण देव्हारा ढिगावर टाकायला तिचा हात होईना. गॅरेजमध्ये उभा करून ठेवला, आणि त्याला हिरवी बुरशी धरली तेव्हा स्वतःच ओढत बाहेर नेला. पुढं सरकारवर खटले झाले, डिसेंबर २०१९मध्ये कोर्टानं धरणाच्या वरच्या बाजूच्या घरमालकांसारखा निकालही दिला. तोवर ती ऑस्टिनला निघून गेली होती.

तिनं घर घेतलं तेव्हा मी बोलले होते. शुभकार्यात अपशकुन केला म्हणून ती कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तेव्हापासून वाईटपणाची सवय झालीय. म्हणून तुलाही पुन्हा सांगते, एक पावसाळा भाड्यानं राहा.

‘पण मावशी, फेमाच्या (इथल्या सरकारी आपत्ती खात्याच्या) नकाशात घर पूररेषेच्या बाहेर आहे.’ वाचलं ते. महाराष्ट्रात निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथली मुख्य रेषा त्या लाल रेषेसारखीच, म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या मॉर्गेजमध्ये ती पंचवीस टक्क्यांच्या वर जाते, आकडेमोड तुला माझ्याहून बरी येते. शिवाय हार्वेत हॅरिस काउंटीत दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं, आणि त्यातली जवळजवळ निम्मी कुठल्याच रेषेत नव्हती. शुगरलँडकडचे लोक लेव्हींच्या, म्हणजे पूर अडवणाऱ्या मातीच्या बांधांच्या, भरवशावर असतात. त्याच वर्षी रिचमंडला ब्राझोस नदी ५५ फुटांवर गेली, आणि आमच्या आयर्विन पुलावर मोजतात तसेच तिथले लोक रात्री जागून फूट मोजत होते. लेव्हींनी नदी बाहेर धरली. पण आत पडलेलं पावसाचं पाणी बाहेर काढता येईना, आणि काही वस्त्या आतूनच बुडाल्या.

भाड्यानं राहून नुसतं बसायचं नाहीये. जोराचा पाऊस होऊन गेला आणि रस्ते मोकळे झाले की गाडी काढून तुझ्या त्या लाडक्या वसाहतीत जायचं. गटाराच्या तोंडाशी पाणी किती वेळ थांबलंय, विटांवर रेघ आहे का, एकाच रांगेतल्या सगळ्या घरांची खालची दारं नवी का दिसतात, हे बघायचं. मग जवळच्या जुन्या वस्तीत कुत्रं फिरवणारा एखादा म्हातारा गाठायचा. टेक्सासचे म्हातारे भरभरून बोलतात, तू फक्त हार्वेचं नाव काढ. (वाटेत अंडरपासमध्ये पाणी दिसलं तर खोली अजमावत बसू नकोस, गाडी मागं फिरव. इथं माणसं अशीच जातात.)

आता रस्ता. तुझं ऑफिस एनर्जी कॉरिडॉरला, सूनबाईंचं काम मेडिकल सेंटरला, आणि दिवाळीच्या सुमारास बाळ. फुलशीरच्या उपनगरातून तुझी सोय होईल. तिला टोल भरून सकाळी तासाच्या वर, संध्याकाळी देव जाणे. ऑफिसच्या अंतराचा रकाना तक्त्यात एकच आहे, आणि त्यात फक्त तुझं ऑफिस मोजलंयस. मला हे पहिल्या झटक्यात दिसलं. तिला दिसलं नसेल असं समजू नकोस. केटी फ्रीवे २००८मध्ये रुंद झाला, बाजूचे फीडर रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन आहेत, तरी सकाळी सातला ब्रेकवर पाय ठेवून बसावंच लागतं. रविवारी दुपारी रिअल्टरच्या गाडीतून जे अंतर दिसतं ते खोटं. सोमवार ते शुक्रवार तिनं तो रस्ता महिनाभर चालवावा, मग तिनंच गुण द्यावेत.

पैशाचं तुला वाटतं की भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. ठीक आहे, हिशेब करू. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, हे तुला सगळ्यांनी सांगितलंय. घरावरचा कर कुणी सांगितला का? नव्या वसाहतीत रस्ते-गटारांचं कर्ज फेडायला मड (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) टॅक्स असतो, तो धरून एकूण कर किमतीच्या तीन टक्क्यांवरही जातो. साडेचार लाख डॉलरच्या घराला वर्षाचे साडेतेरा हजार, म्हणजे महिन्याला अकराशे पंचवीस, कर्जाच्या हप्त्याशिवाय. एचओएची, म्हणजे सोसायटीची, वर्गणी वेगळी. आणि यात एक खोच आहे. नव्या घराचा पहिल्या वर्षीचा कर बऱ्याचदा नुसत्या मोकळ्या प्लॉटवर लागलेला असतो. बँक त्यावरून एस्क्रो, म्हणजे करासाठी हप्त्यातून बाजूला काढायची रक्कम, धरते, हप्ता झकास दिसतो. दुसऱ्या वर्षी घरासकट आकारणी येते आणि हप्ता एकदम चढतो, वर मागची तूटही भरायची. माझ्यासमोर रडकुंडीला आलेली जोडपी बघितलीत मी. ब्रोशरमध्ये हा दुसऱ्या वर्षीचा आकडा नसतो.

शाळांवर मी फार लिहिणार नाही. बाळ अजून पोटात आहे आणि तू हायस्कूलचं रेटिंग बघतोयस! २०२३मध्ये राज्यानं अख्खा ह्यूस्टन आयएसडी, म्हणजे शहराचा शाळा-जिल्हा, स्वतःच्या ताब्यात घेतला, हे आधीच्या वर्षीचं रेटिंग बघून कुणाला कळलं असतं? वाढत्या उपनगरांत तर नवी शाळा उघडली की हद्दी बदलतात. पाच वर्षांनी बोलू.

मंडळात माझ्याबद्दल काय बोलतात ते तुझ्या कानावर येईलच, म्हणून मीच सांगते. ही भित्री, अर्धं आयुष्य अपार्टमेंटमध्ये काढलं, नवऱ्याला अंगण मिळू दिलं नाही. खरं आहे. आम्ही मेडिकल सेंटरजवळ दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. एक पावसाळा म्हणता म्हणता बरेच झाले. २००१च्या जूनमध्ये ॲलिसन वादळात मेडिकल सेंटरची तळघरं भरली, मी जिथं काम करायचे तिथल्या खालच्या मजल्यावरची वर्षानुवर्षांची सँपल्स गेली, पण मी संध्याकाळी घरी आले तेव्हा गादी कोरडी होती. यांना पारिजातक लावायचा होता, भाजीचे वाफे करायचे होते. घर घेतलं, जुन्या वस्तीत, उंच जोत्यावरचं, छोटं. पण तेव्हा खाली बसून माती उकरायला यांचे गुडघे राहिले नव्हते. पारिजातक मी लावला, यांनी खुर्चीत बसून सूचना दिल्या. हे मला सलतं, रोज सलतं. तरीही मी तुला दहा पावसाळे थांब म्हणत नाहीये, एकच म्हणतेय. एका पावसाळ्यात कुणाचे गुडघे जात नाहीत.

भाड्याची जागा गॅलेरिया ते वेस्टचेस या पट्ट्यात बघा, दोघांनाही साधारण मध्ये पडेल, आणि हिलक्रॉफ्टवर वाणसामान, कढीपत्ता सगळं मिळतं. बफेलो बायूच्या अगदी काठाला नको. हार्वेत धरणांचे दरवाजे उघडल्यावर तिथं पाणी शिरलं. तळमजला घेऊ नका. गाडी गॅरेजच्या वरच्या मजल्यावर लावता येईल असं बघा. जागा पूरक्षेत्रात आहे का आणि गेल्या पाच वर्षांत तिथं पाणी आल्याचं माहीत आहे का, हे घरमालकानं लेखी द्यायचं असा २०२२पासून कायदा आहे. तो कागद मागून घे, सही करण्याआधी. भाडेकरूलाही सामानापुरता फ्लड इन्शुरन्स मिळतो, पण सरकारी पॉलिसी तीस दिवसांनी लागू होते, म्हणून वादळाचं नाव टीव्हीवर आल्यावर धावू नकोस. वीज जाते हे धरून चाला. जुलै २०२४मध्ये बेरिल तसं पहिल्या श्रेणीचंच वादळ होतं, तरी बावीस लाखांवर ग्राहक अंधारात गेले, काहीजण आठवड्याच्या वर. बाळ यायचंय, तेव्हा वीज गेल्यावर तुम्ही दोघांनी माझ्याकडं यायचं, हे आत्ताच ठरलं.

एक गोष्ट तू मेलमध्ये शिताफीनं गाळलीयस. बिल्डरकडं अर्नेस्ट मनी, म्हणजे बयाण्याचे पैसे, भरलेस का? भरले नसतील तर भरू नकोस. भरले असतील तर करार मला पाठव, आणि पाठवण्याआधी आज रात्रीच त्यात ऑप्शन पिरियड आहे का ते बघ. टेक्सासच्या नेहमीच्या करारात थोडे पैसे देऊन तो घेता येतो, त्या मुदतीत कारण न देता बाहेर पडता येतं. बिल्डरच्या स्वतःच्या छापील करारात तो बहुधा नसतो. असला तर किती तारखेपर्यंत आहे, ते फोन करून सांग. मेल नको.

तुझी,
मावशी